आपल्या पार्किंगमधली जीप : किती बनल्या, किती उरल्या

संपादक मंडळाने माझ्याकडे 'सोसायटीचे पंचवीस वर्षांचे हिशेब' या विषयावर लेख मागितला होता. हिशेब दरवर्षीच्या अहवालात छापून येतात आणि ते कोणी वाचत नाही, हे खजिनदार म्हणून माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार! तेव्हा मंडळाची क्षमा मागून मी दुसऱ्याच एका हिशेबाविषयी लिहितो. बी-विंगच्या मागे, पंपरूमला लागून, कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून जी गाडी उभी आहे तिचा हा हिशेब.

नव्या सभासदांना ती फक्त एक अडगळ वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही. फ्लॅट बत्तीस, पार्किंगच्या जागा चोवीस, आणि त्यातली एक अशा गाडीने अडवलेली की जी नऊ वर्षांत हललेली नाही. पण जुन्या सभासदांना आठवत असेल, आपण इथे राहायला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात महापालिकेच्या नळाची जोडणी झालेली नव्हती. तेव्हा याच जीपच्या मागे ट्रॉली जोडून, तिच्यावर चार ड्रम ठेवून आपले पहिले सेक्रेटरी रोज सकाळी पाणी आणत असत. पंच्याहत्तरीकडे झुकलेला माणूस, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि मागे ड्रमवर बसलेली आपलीच पोट्टी. आज ती पोट्टी पुण्या-बंगलोरला आहेत. सेक्रेटरीसाहेब गेले त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय निघाला. कमिटीचे म्हणणे, गाडी काढा. वहिनींचा (म्हणजे सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नींचा) मुलगा पुण्याहून मुद्दाम आलेला. त्याचे म्हणणे असे की ही साधी जीप नव्हे, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन फोर्ड आहे, फार दुर्मिळ आहे आणि एक ग्राहक सहा लाख द्यायला तयार आहे. त्याच आठवड्यात भंगारवाल्याने अडतीस हजार सांगितले होते. सभेत कोणीतरी म्हणाले, "दिसते तर महिंद्राची." दुसरे म्हणाले, "आर.सी. बुकावर तर विलीज लिहिलंय." मुलगा म्हणाला, "ग्राहकाने सांगितलंय, जगात अशा फक्त पावणेतीन लाख बनल्या." यावर ए-विंगचे आपले प्राध्यापक उठून म्हणाले, "पावणेतीन लाख म्हणजे दुर्मिळ? मग नागपुरात दुर्मिळ नसलेलं काय आहे?" खूप हशा झाला. वहिनी मात्र गप्प बसून होत्या. शेवटी ठराव झाला की खजिनदारांनी चौकशी करून पुढच्या सभेत सांगावे, 'कारण त्यांचे आकडे पक्के असतात'. अशी कामे माझ्या गळ्यात कशी पडतात, हे बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना चांगले माहीत आहे.

मी मोटारीतला जाणकार नाही. माझा आणि जीपचा संबंध म्हणजे १९७० च्या दशकात मी शेती-कर्ज विभागात फील्ड ऑफिसर होतो तेवढाच. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, चंद्रपुरातच होता. पावसाळ्यात तिकडच्या नाल्यांतून जीपशिवाय दुसरे काही जात नसे. कर्जवसुलीला जाताना आम्ही जीपमध्ये आणि परत येताना जीप आमच्यावर, असेही एकदोनदा झाले आहे. पण तपासणी कशी करतात ते मला येते. आधी मूळ कागद पाहायचा, मग वस्तू पाहायची, मग दोन्ही जुळतात का ते बघायचे.

सुरुवात मी एकूण आकड्यापासून केली, कारण तो सर्वांत सोपा वाटला. माझा भाचा अमेरिकेत असतो, त्याने पुस्तके आणि अमेरिकन लष्कराच्या १९४४ सालच्या 'टीएम ९-८०३' या मॅन्युअलची प्रत पाठवली. त्यातून जी हकिगत कळली ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे नीट लागेल.

१९४० च्या उन्हाळ्यात युरोपात फ्रान्स पडला आणि अमेरिकन लष्कराला जाग आली. हलकी, चारही चाकांना जोर असलेली, तोफ ओढेल आणि चिखलातून निघेल अशी छोटी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना पत्रे गेली. मुदत अशी की नमुना गाडी ४९ दिवसांत हजर करा. बहुतेकांनी त्या पत्राला उत्तरही दिले नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम नावाच्या, जवळजवळ दिवाळे निघालेल्या एका छोट्या कंपनीने मात्र कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून काही दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी केली. म्हणजे जीपचा खरा जन्म बँटमचा. पण ही कंपनी मोठी ऑर्डर पुरी करेल यावर लष्कराचा विश्वास नव्हता. त्यांनी तिचे नकाशे विलीज आणि फोर्ड या दोघांना दाखवले. सर्वांत चांगले इंजिन विलीजचे निघाले, बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेले, साठ अश्वशक्तीचे. १९४१ च्या जुलैत विलीजला सोळा हजार गाड्यांची ऑर्डर मिळाली, दर सुमारे ७३९ डॉलर. त्या वेळच्या आपल्या रुपयात साधारण दोन हजार साडेचारशे. बँटमने सगळ्या मिळून पावणेतीन हजारांच्या आतच गाड्या बनवल्या आणि पुढे ती जीपला जोडायचे ट्रेलर बनवत बसली. ज्याने कल्पना काढली त्याच्या वाट्याला काय येते, याचे हे जुनेच उदाहरण.

एकट्या विलीजला मागणी पुरवता येणार नाही हे दिसल्यावर नोव्हेंबर १९४१ मध्ये फोर्डला तीस हजारांची ऑर्डर दिली गेली. पण अट अशी की गाडी विलीजच्याच नकाशाबरहुकूम बनवायची आणि एकीचा कुठलाही महत्त्वाचा भाग दुसरीला बसला पाहिजे. विलीजच्या गाडीचे नाव 'एमबी', फोर्डच्या गाडीचे 'जीपीडब्ल्यू'. यातला जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी हा ८० इंची चाकांतराच्या गाडीसाठी फोर्डचा सांकेतिक शब्द, आणि डब्ल्यू म्हणजे विलीज. 'जनरल पर्पज'चे 'जीपी' आणि त्याचे 'जीप' झाले, असे आपण शाळेपासून ऐकतो, पण ते काही इतके सरळ नाही. १९३६ पासून पॉपायच्या चित्रकथांत 'यूजीन द जीप' नावाचा कुठेही शिरणारा एक प्राणी होता, सैनिकांनी नाव तिथून उचलले असेही सांगतात. असो.

फोर्डने १९४२ ते १९४५ या काळात २,७७,८९६ जीपीडब्ल्यू बनवल्या. ग्राहकाचे 'पावणेतीन लाख' ते हेच. विलीजच्या एमबी तीन लाख साठ हजारांच्या आसपास. आसपास म्हणतो, कारण पुस्तकागणिक हा आकडा हजार-दोन हजारांनी मागेपुढे होतो. बँकवाल्या माणसाला हे सहन होत नाही. कारखान्यात ठोकलेले अनुक्रमांक मोजले की एक बेरीज येते आणि लष्कराने ताब्यात घेतलेल्या गाड्या मोजल्या की दुसरी. दोन वह्या वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिल्या की त्या कधी जुळत नाहीत. एकूण मिळून सहा लाख चाळीस हजारांच्या घरात. त्यातल्या सुमारे पन्नास हजार एकट्या रशियाला गेल्या.

त्यातही पोटभेद आहेत आणि शौकीन लोक जीव टाकतात ते यांच्यासाठी. विलीजच्या पहिल्या २५,८०८ गाड्यांना पुढची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून केलेली होती. फोर्डने युक्ती काढली की एकाच पत्र्यातून प्रेसने नऊ खाचांची जाळी काढायची, ती स्वस्त आणि हलकी पडली. विलीजनेही मग तीच घेतली. म्हणजे आज जिला आपण विलीज जीपचा चेहरा म्हणतो तो चेहरा फोर्डचा! सुरुवातीच्या फोर्ड गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर फोर्डची सही उठावात असे आणि विलीजवर विलीजचे नाव. कंपन्यांची फुकट जाहिरात नको म्हणून लष्कराने १९४२ मध्येच ते बंद करायला लावले. पण फोर्डवाले वस्ताद. त्यांनी आपल्या कारखान्यातल्या बोल्टांच्या डोक्यावर, कड्यांवर, जमेल त्या भागावर बारीक इंग्रजी 'एफ' अक्षर उठवायला सुरुवात केली. उद्या तक्रार आली तर भाग आपला की विलीजचा ते कळावे, हा हिशेब.

इथपर्यंत कागद झाला. आता प्राध्यापकांचा प्रश्न. पावणेतीन लाख बनलेली वस्तू दुर्मिळ कशी?

दोन प्रकारचे दुर्मिळपण असते असे मला वाटते. एक जन्मजात. आपले इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग नावाची अमेरिकन गाडी घेतली, तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून खास बनवून घेतली. या ड्यूसेनबर्ग 'जे' जातीच्या सगळ्या गाड्या मिळून ४८० च्या आसपास बनल्या आणि १९३७ मध्ये कंपनीच बंद पडली. तशी बॉडी तर एकच. अशी गाडी पहिल्या दिवसापासून दुर्मिळ, आणि म्हणूनच ती जपली जाते. तिच्या प्रत्येक मालकाचे नाव कोणीतरी लिहून ठेवलेले असते.

दुसरे दुर्मिळपण वापरून वापरून येते. जीप ही जपायची वस्तू नव्हतीच. ती मोडायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा चालवायची. युद्धभूमीवरच्या वर्कशॉपमध्ये तीन मोडक्या गाड्यांतून दोन चालत्या करत. एकीचे इंजिन, दुसरीची चेसी, तिसरीचा पत्रा. सगळे भाग एकमेकींना बसतात, ही तर मुळातली अटच होती. त्यामुळे 'फोर्डची' आणि 'विलीजची' हा भेद कारखान्याच्या फाटकापर्यंतच खरा. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशा झालेल्या गाड्या आपल्याकडे 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या. आमच्या लहानपणी 'डिस्पोजलची' हा शब्द घोंगडीपासून जीपपर्यंत सगळ्याला लागत असे. त्या जीपा ठेकेदारांनी घेतल्या, शिकाऱ्यांनी घेतल्या, मालगुजारांनी घेतल्या, आणि मग तीस-चाळीस वर्षे त्यांच्यावर आपल्या मिस्त्री लोकांचे हात फिरले. किती बनल्या ते छापलेले मिळते. किती उरल्या त्याची वही मात्र कोणी ठेवलेली नाही. खाते उघडल्याची नोंद आहे, बंद झाल्याची नाही, असे समजा.

याच सुमारास मुंबईत दुसरी गोष्ट घडत होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये महिंद्र बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये इथल्या पाटीवर 'महिंद्र अँड महिंद्र' आले. माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जुळवायला सुरुवात झाली ती स्वातंत्र्याच्या सुमाराची. पुढे विलीजच्या 'सीजे-३बी' या मॉडेलवर त्यांची गाडी स्थिरावली. अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात ही सीजे-३बी अवघी १,५५,४९४ बनली आणि थांबली, पण आपल्याकडे तो चेहरा पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. तहसीलदाराची जीप, पोलिसांची जीप, सिनेमातल्या डाकूंची जीप, सगळ्या त्याच. त्या गाडीचे बॉनेट उंच असते, आणि याला कारण आहे. नव्या 'हरिकेन' इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये घेतल्यामुळे इंजिनाची उंची वाढली. जुन्या चपट्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून बॉनेटच वर उचलले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वस्तू.

आपल्या गाडीचे बॉनेट उंच आहे आणि जाळीला सात खाचा आहेत. म्हणजे बाहेरून पाहणारा तिला महिंद्राच म्हणणार. स्टिअरिंग डाव्या हाताला आहे, पण महिंद्राच्याही जुन्या जीपा डाव्या हाताच्याच असत, मागे 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे रंगवलेले आपण सर्वांनी वाचले आहे. तेव्हा तो पुरावा होत नाही. मी कामठी रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रीला बोलावले. सत्तरीचा माणूस, जन्म जीपांखाली गेलेला. त्याने ताडपत्री उचलली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि सरळ पुढच्या बंपरखाली झोपला. खालूनच आवाज आला, "साहेब, वरून महिंद्रा आहे, खालून नाही जी."

मलाही त्याच्या शेजारी आडवे व्हावे लागले. (पंचाहत्तराव्या वर्षी हे फार सुखाचे नसते. उठताना दोघांनी हात दिला.) टॉर्चच्या उजेडात त्याने रेडिएटरखालची आडवी पट्टी दाखवली. विलीजच्या चेसीला या ठिकाणी गोल पाइप असतो. फोर्डच्या चेसीला उलट्या 'यू'च्या आकाराची पट्टी असते. आपल्या गाडीला उलटी यू होती. मग त्याने रॉकेलचा बोळा आणि वायर ब्रश घेऊन डाव्या चेसीपट्टीचा वरचा भाग घासायला घेतला. पाऊण तास लागला. लाल रंग, त्याखाली पिवळा, त्याखाली निळा, मग शेवटी तो लष्करी शेवाळी हिरवा, आणि त्याखाली अक्षरे. जी, पी, डब्ल्यू, मग तीन आकडे स्पष्ट. पुढचे तीन गंजाने खाल्लेले. मागच्या बाजूला चार-पाच बोल्टांच्या डोक्यावर 'एफ'सुद्धा सापडला.

तेवढ्या तीन आकड्यांवरून गाडी १९४३ च्या अखेरची किंवा १९४४ च्या सुरुवातीची ठरते. आपण अर्धी लढाई जिंकलो होतो. पण अर्धवट नंबर म्हणजे अर्धवट सहीसारखा, बँकेत चालत नाही.

राहिलेले वहिनींच्या कपाटात मिळाले. त्यांनी साड्यांच्या खालून कापडात गुंडाळलेले आर.सी. बुक काढून दिले. मी आयुष्यात पुष्कळ जुने दस्तऐवज पाहिले, पण हे हातात घेताना जरा थांबलो. पहिली नोंद १९४७ ची, तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातली. मालक भंडारा जिल्ह्यातले एक मालगुजार. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, आणि पुढच्याच वर्षी गाडी बिडीपत्त्याच्या एका ठेकेदाराच्या नावावर झालेली दिसते. त्यामागची गोष्ट आर.सी. बुकात लिहिलेली नाही, पण ज्यांना तो काळ आठवतो त्यांना ती लिहायची गरज नाही. मग १९६८ मध्ये आपले सेक्रेटरीसाहेब. शिक्क्यांवर राज्याचे नाव बदलत गेले : मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्यप्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य, १९६० नंतर महाराष्ट्र. गाडी भंडारा-नागपूर सोडून कुठे गेली नाही, तरी चार राज्यांत राहून झाली.

मेकच्या रकान्यात 'विलीज जीप' लिहिलेले. त्या काळी जीप म्हणजे विलीज, कारकुनाने खाली वाकून कशाला पाहावे! पण चेसी नंबरच्या रकान्यात सहा आकडी नंबर होता. पहिले तीन आकडे आम्ही घासून काढलेल्या आकड्यांशी जुळले. आणि खरी गंमत त्याच्या खालच्या रकान्यात होती. इंजिन नंबरच्या जागीही तोच सहा आकडी नंबर होता, अगदी तसाच. आधी मला वाटले, कारकुनाने कंटाळून एकच आकडा दोनदा लिहिला. बँकेत असे करणाऱ्यांना मी मेमो दिलेले आहेत. मग भाच्याने पाठवलेले पान पुन्हा काढले. विलीजच्या गाडीत इंजिनाचा आणि चेसीचा नंबर वेगवेगळा असतो. फोर्डच्या कारखान्यात मात्र जो नंबर इंजिनावर, तोच चेसीवर ठोकत असत. कारकुनाने चूक केलेली नव्हती. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी भंडाऱ्यात त्याने जे पाहिले तेच उतरवले होते, आणि नकळत गाडी फोर्डची असल्याचा पुरावा ठेवून गेला होता. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही, हे कबूल करतो.

पण तोच इंजिन नंबर पुढे लाल शाईने खोडलेला आहे. १९७४ ची नोंद : इंजिन बदलले, नवा नंबर अमुक, सही, शिक्का. मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिले, इंजिन हरिकेन. आता ते उंच बॉनेट आठवा. जुने साठ घोड्यांचे इंजिन गेल्यावर सेक्रेटरीसाहेबांनी महिंद्राचे सत्तरच्या वर ताकदीचे इंजिन बसवून घेतले. त्यांची कामे तेव्हा पेंच प्रकल्पाच्या बाजूला चालत, रोज खडी-सिमेंटची वाहतूक, त्यांना ताकद हवी होती. इंजिन उंच, जुने बॉनेट बसेना, म्हणून बॉनेट, जाळी, मडगार्ड आणि काचेखालचा पत्रा, असा पुढचा सगळा चेहरा महिंद्राचा लावला. मागचा पत्रा जुनाच आहे, पण तोही दोन ठिकाणी पॅच मारलेला. गिअर बॉक्स कुठला, ते मिस्त्रीलाही छातीवर हात ठेवून सांगता आले नाही.

आता सभेपुढे काय सांगायचे? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर वीस हजार रुपये फी भरून दहा वर्षांची 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आपल्या गाडीची चेसी १९४४ ची, इंजिन १९७४ चे आणि तोंड महिंद्राचे. मी ग्राहकाला फोनवर सगळे खरे ते सांगितले. मुलाला ते आवडले नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. ग्राहक सहा लाखांवरून दीड लाखावर आला. चेसी आणि आर.सी. बुक एवढेच घेतो म्हणाला. बाकीचे उतरवून मूळ जीपीडब्ल्यूचे भाग परदेशातून मागवून त्यावर चढवणार होता. म्हणजे दोन-तीन वर्षांत ही गाडी अगदी अस्सल दिसली असती, आणि तिच्यात आपले काही उरले नसते. बाजार ज्याला दुर्मिळ म्हणतो ते असे तयार होते. माझे मत विचाराल तर पावणेतीन लाखांपैकी ज्या थोड्या 'अस्सल' म्हणून आज मिरवतात, त्यांतल्या किती जणींचे बोल्ट खरोखर पहिल्यापासूनचे आहेत ते बोल्टच जाणोत.

मी अहवाल घेऊन वहिनींकडे गेलो. चष्मा लावून त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग विचारले, "म्हणजे ती लढाईचीच आहे ना?"

म्हटले, "चेसी नक्की आहे."

"हे नेहमी म्हणत, लढाईची आहे म्हणून. मला वाटायचं, उगीच सांगतात." मग थोडे थांबून म्हणाल्या, "इंजिन बदललं तेव्हा माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. दीड लाखाला ते कशाला देऊ?"

पुढच्या सभेत बराच वाद झाला, तो इतिवृत्तात आहे. पार्किंगची अडचण खरी होती आणि आजही आहे, नव्या सभासदांना मी ते नाकारत नाही. शेवटी वहिनींनीच तोड काढली. गाडी पंपरूमच्या भिंतीला आणखी सरकवून तिच्यापुढे दोन स्कूटर राहतील एवढी जागा करून द्यायची, आणि जागेचे पूर्ण भाडे त्या भरणार, मागच्या तारखेपासून. मागची थकबाकी नको असे कमिटीने सांगितले, पण त्यांनी चेक आणून दिला आणि पावती मागितली. पावती मीच फाडली. बावीस विरुद्ध सात मतांनी ठराव मंजूर झाला. प्राध्यापकांनी बाजूने मत दिले.

मिस्त्री अधूनमधून रविवारी येतो, बॅटरी जोडून इंजिन सुरू करतो, दहा मिनिटे पंपरूमकडे निळा धूर होतो आणि बी-विंगच्या दुसऱ्या मजल्यावरून तक्रार येते. चेसीवरचे ते तीन आकडेही फार दिवस टिकायचे नाहीत, पंपरूमची ओल तिथपर्यंत येते. म्हणून आर.सी. बुकातला पूर्ण सहा आकडी नंबर, पुढे जीपीडब्ल्यू लिहून, मी डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणावर आतल्या बाजूने पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी वहिनींना विचारून ताडपत्री उचलावी आणि नंतर नीट झाकावी.